विधिमंडळाचं घर कोण चालवतं? सचिवालय, कर्मचारी आणि खर्च यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिवेशन सुरू झालं की सभागृहातली खडाजंगी सगळा महाराष्ट्र पाहतो. पण त्या दिवसाची कामकाजपत्रिका कोणी तयार केली, भाषणाचा शब्दन्‌शब्द कोण उतरवून घेतंय, सभागृहात सुव्यवस्था राखणाऱ्या मार्शलचा पगार कोणत्या खात्यातून निघतो, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. पत्रकारितेचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेचे उमेदवार आणि प्रेक्षक गॅलरीतून कामकाज पाहून आलेले नागरिक याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. भर महाराष्ट्रावर आहे; जिथे संसदेचा दाखला लागतो तिथे तोही दिला आहे.

१. विधिमंडळ सचिवालय म्हणजे मंत्रालयाचाच एक विभाग ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मंत्रालय हे सरकारचं कार्यालय. तिथले सचिव मंत्र्यांच्या हाताखाली काम करतात. विधिमंडळ सचिवालय हे सभागृहाचं कार्यालय आहे आणि त्यावर कोणत्याही मंत्र्याचा हुकूम चालत नाही. मुंबईत विधान भवन आणि मंत्रालय हाकेच्या अंतरावर आहेत, दोन्हीकडे फायली, शिपाई, कक्ष अधिकारी दिसतात, म्हणून बाहेरच्याला फरक कळत नाही. बोलताना आपण 'विधिमंडळ' म्हणतो. कागदोपत्री नाव 'महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय' असं आहे.

२. मग संसदीय कार्य विभाग काय करतो?

तो सरकारचा विभाग आहे. कोणतं विधेयक कधी आणायचं, कोणत्या खात्याचं उत्तर अजून आलेलं नाही, दिलेल्या आश्वासनांचं काय झालं, हे सरकारच्या बाजूनं तो सांभाळतो. थोडक्यात, सरकारचा सभागृहाशी असलेला दुवा म्हणजे संसदीय कार्य विभाग आणि सभागृहाचं स्वतःचं कार्यालय म्हणजे विधिमंडळ सचिवालय. प्रश्न दाखल करून घ्यायचा की नाही, हे संसदीय कार्य विभाग ठरवत नाही.

३. वेगळं सचिवालय हवंच कशाला? सरकारी कर्मचारी तिथे बसवले तर काय बिघडेल?

एक उदाहरण घ्या. आमदार रस्त्याच्या निकृष्ट कामाबद्दल तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) देतो. तो नियमात बसतो का, कोणत्या दिवशी लागणार, त्यातली कोणती ओळ गाळायची, ही छाननी सचिवालयात अध्यक्षांच्या वतीनं होते. आता समजा, ही छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याची बढती आणि बदली सरकारच्याच हातात आहे. म्हणजे ज्याला जाब विचारायचा, त्याच्याच माणसानं प्रश्न निवडायचे. समित्यांचंही तेच. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीला टिपणं काढून देणारा अधिकारी त्याच खात्यात परत जाणार असेल, तर त्याची लेखणी जपूनच चालणार.

हे आपल्याकडे फार लवकर ओळखलं गेलं. ऑगस्ट १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल केंद्रीय कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले. तेव्हा सभागृहाचा कर्मचारीवर्ग भारत सरकारच्या विधी खात्याच्या अखत्यारीत होता. अध्यक्ष निवडून आलेला आणि त्याची माणसं मात्र ब्रिटिश सरकारची, ही अडचण विठ्ठलभाईंनी लावून धरली. २२ सप्टेंबर १९२८ रोजी मोतीलाल नेहरूंनी वेगळ्या कार्यालयाचा ठराव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. १० जानेवारी १९२९ रोजी सभागृहाचं स्वतंत्र खातं अस्तित्वात आलं. आजचं लोकसभा सचिवालय त्याचाच वारस. स्वातंत्र्य मिळायला अजून अठरा वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट आहे. सभागृहाला स्वतःची माणसं हवीत, हा हट्ट आपल्या लोकांनी परक्या सत्तेशी भांडून पूर्ण करून घेतला, हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

४. हे सगळं राज्यघटनेत लिहिलेलं आहे की नुसती प्रथा?

घटनेत आहे. संसदेसाठी अनुच्छेद ९८ आणि राज्यांसाठी अनुच्छेद १८७. प्रत्येक सभागृहाला स्वतंत्र सचिवालयीन कर्मचारीवर्ग असेल, असं तिथे म्हटलं आहे. विधान परिषद असलेल्या राज्यांत दोन्ही सभागृहांना मिळून सामायिक पदं ठेवायचीही मुभा आहे. महाराष्ट्रात २८८ सदस्यांची विधानसभा आणि ७८ सदस्यांची विधान परिषद, दोन्हींचं काम एकच सचिवालय पाहतं. दिल्लीत मात्र लोकसभा आणि राज्यसभा यांची सचिवालयं वेगवेगळी आहेत.

भरती आणि सेवाशर्ती यांचा कायदा विधिमंडळानं करावा, आणि तो होईपर्यंत राज्यपालांनी अध्यक्षांशी किंवा सभापतींशी विचारविनिमय करून नियम करावेत, अशी सोय घटनेत आहे. केंद्रात हेच काम राष्ट्रपती करतात. संसदेनं असा कायदा आजवर केलेला नाही. लोकसभा सचिवालय १९५५ च्या आणि राज्यसभा सचिवालय १९५७ च्या भरती व सेवाशर्ती नियमांवर चालतं. 'तोपर्यंत' म्हणून केलेली सोय सत्तर वर्षांच्या घरात पोचली आहे.

५. मुख्यमंत्री विधिमंडळातल्या एखाद्या लिपिकाची बदली करू शकतात का?

नाही. प्रशासकीय प्रमुख अध्यक्ष आणि सभापती हे आहेत. विधानसभेपुरते अध्यक्ष, परिषदेपुरते सभापती, आणि सामायिक बाबतीत दोघांनी मिळून. मुख्यमंत्री हे सभागृहाचे नेते असू शकतात, पण सभागृहाच्या कार्यालयाचे ते साहेब नव्हेत.

आता व्यवहारातली बाजूही सांगायला हवी. आपल्याकडे अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षातूनच येतात. त्यामुळे घटनेनं घातलेली भिंत किती उंच राहायची, हे त्या खुर्चीतल्या माणसावर बरंच अवलंबून असतं.

६. विधिमंडळाचे सचिव आयएएस अधिकारी असतात का?

असायलाच हवेत असं नाही. कुठे सचिवालयातच वाढलेला अधिकारी त्या पदावर पोचतो, कुठे न्यायिक सेवेतला किंवा विधी क्षेत्रातला माणूस येतो. लोकसभेच्या महासचिवपदी अलीकडे निवृत्त आयएएस अधिकारी आलेले दिसतात. त्यांचा दर्जा भारत सरकारच्या मंत्रिमंडळ सचिवाच्या बरोबरीचा असतो. माझं मत विचाराल, तर सभागृहातच आयुष्य घालवलेल्या अधिकाऱ्याला पर्याय नाही. औचित्याचा मुद्दा उपस्थित झाल्यावर पूर्वीचा निर्णय क्षणात आठवणं हे पुस्तकातून येत नाही.

सचिवांची एक भूमिका मात्र सभागृहाबाहेरची असते. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत लोकसभा आणि राज्यसभेचे महासचिव आळीपाळीनं निवडणूक निर्णय अधिकारी होतात. २०२२ मध्ये ती पाळी राज्यसभेच्या महासचिवांची होती. त्या कामापुरते ते निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली असतात.

७. सचिवालयात नेमकी कोणती माणसं काम करतात?

प्रश्न, लक्षवेधी आणि विधेयकं पाहणाऱ्या शाखा असतात. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायत राज, आश्वासन अशा समित्यांना सेवा देणारे अधिकारी असतात. ग्रंथालय आहे, सदस्यांच्या वेतन-भत्त्यांची बिलं करणारी लेखाशाखा आहे, मार्शल आहेत.

आणि प्रतिवेदक. सभागृहाच्या मधोमध बसून लघुलेखनात भाषण उतरवणारी ही माणसं थोड्या थोड्या मिनिटांच्या पाळीनं येतात, आपला भाग घेऊन बाहेर जातात आणि लगेच टंकलिखित करतात. दोन सदस्य एकाच वेळी ओरडत असताना कोण काय म्हणालं, हे त्यांना नेमकं टिपावं लागतं. 'असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही' असा शिक्का असलेले कागद तुम्ही पाहिले असतील, ते याच हातांतून आलेले. पुढे पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक जे वाचणार, ते या अनामिक माणसांचं काम असतं.

८. भरती एमपीएससीमार्फत होते का?

सरकारी विभागांसारखी ती आपोआप एमपीएससीकडे जात नाही, कारण या सेवेचे नियमच अनुच्छेद १८७ खाली वेगळे (प्रश्न ४ पाहा). जाहिराती सचिवालय स्वतः काढतं. संसदेत दोन्ही सचिवालयांसाठी संयुक्त भरती कक्ष आहे.

स्वायत्ततेची काळी बाजूही इथेच दिसते. उत्तराखंड विधानसभेत २०१६ ते २०२१ या काळात जाहिरात न देता केलेल्या २२८ तदर्थ नेमणुका अध्यक्ष ऋतू खंडुरी यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये, चौकशी समितीच्या अहवालानंतर रद्द केल्या. नेमणाऱ्याचे अधिकार आणि रद्द करणाऱ्याचे अधिकार एकाच खुर्चीतले होते. स्वतंत्र भरतीचा अर्थ खुल्या स्पर्धेतून सुटका असा नाही. सरकारी नोकरीत समान संधी देणारा अनुच्छेद १६ विधिमंडळालाही तितकाच लागू आहे.

९. आमदारांचे पीए विधिमंडळाचे कर्मचारी असतात का?

नाही. सदस्याला स्वीय सहायक ठेवण्यासाठी ठरावीक रक्कम मिळते. माणूस सदस्य निवडतो. ती सेवा कायम नसते आणि सदस्यत्व संपलं की तीही संपते. पीएला विधान भवनात प्रवेश मिळतो तो प्रवेशपत्रावर, नोकरीच्या नात्यानं नव्हे.

१०. विधिमंडळाच्या खर्चाला पैसा कुठून येतो?

राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे शाळा आणि दवाखान्यांना जिथून येतो तिथूनच. सचिवालय पुढच्या वर्षाचा अंदाज करतं, अध्यक्ष-सभापतींची मान्यता घेतं, तो अंदाज अर्थसंकल्पात जातो आणि अनुदानाची मागणी म्हणून सभागृहासमोर येतो. मंजुरीनंतर विनियोजन विधेयक (निधीतून पैसा काढायला परवानगी देणारं) होतं, मगच पैसा काढता येतो. वर्षाच्या मध्ये कमी पडला तर पुरवणी मागणी.

आकडे स्वतः पाहायचे असतील तर अर्थसंकल्पीय पुस्तकात लेखाशीर्ष २०११ शोधा. देशभर हेच शीर्ष संसद आणि विधिमंडळांसाठी वापरतात. त्याच्या पोटात विधानसभा, विधान परिषद आणि सचिवालय यांची वेगळी शीर्षं दिसतात. एकूण रकमेपेक्षा या तीन शीर्षांतली वाटणी जास्त सांगून जाते.

११. 'भारित' आणि 'दत्तमत' खर्च म्हणजे काय? विधिमंडळाचा खर्च कशात मोडतो?

भारित खर्चावर सभागृहात चर्चा होऊ शकते, पण मतदान होत नाही. दत्तमत खर्चाला सभागृहाचं मत लागतं.

अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती आणि उपसभापती यांचे पगार आणि भत्ते अनुच्छेद २०२ नुसार भारित आहेत. एखाद्या निर्णयानं चिडलेल्या बहुमतानं अध्यक्षांचा पगारच अडवू नये, हा हेतू. बाकी सचिवालयाचा आणि सदस्यांचा खर्च दत्तमत आहे.

तुलना करून पाहा. उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च भारित आहे (अनुच्छेद २२९), लोकसेवा आयोगाचा भारित आहे (अनुच्छेद ३२२), महालेखापरीक्षकांच्या कार्यालयाचाही (अनुच्छेद १४८). विधिमंडळाच्या कर्मचाऱ्यांचा तेवढा नाही. वरवर हे तर्काला धरून आहे, कारण मत देणारं सभागृह तेच आहे, त्याला संरक्षण कोणापासून हवं? पण याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

१२. अर्थ विभाग विधिमंडळाच्या मागणीला कात्री लावू शकतो का?

माझ्या मते या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. अनुच्छेद २०३ चा तिसरा खंड सांगतो की राज्यपालांच्या शिफारशीशिवाय अनुदानाची कोणतीही मागणी मांडता येत नाही, आणि राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागतात. म्हणजे सभागृह स्वतःसाठी एक रुपयाही आपण होऊन मागू शकत नाही. मागणी सरकारच्या हातूनच यावी लागते. सभागृह कमी करू शकतं, नाकारू शकतं, वाढवू शकत नाही.

मग कागदावरची स्वायत्तता टिकते कशी? प्रथेनं. अध्यक्षांनी मान्य केलेल्या अंदाजाला सरकारनं हात लावू नये, शंका असेल तर अध्यक्षांशी बोलावं, हा संसदीय संकेत. संसदेतही लोकसभा आणि राज्यसभेच्या स्वतःच्या मागण्यांवर चर्चा न करण्याची पद्धत आहे. पण संकेत मोडला तर दाद मागायला जागा नाही. नवं पद निर्माण करायचं, समितीसाठी संशोधक घ्यायचे, ग्रंथालय वाढवायचं, तर फाईल वित्त विभागाच्या होकाराची वाट पाहते, अशी तक्रार राज्याराज्यांच्या विधिमंडळांतून ऐकू येते.

ब्रिटनमध्ये १९७८ च्या कायद्यानं हाउस ऑफ कॉमन्सचा एक आयोग नेमला गेला. स्पीकर त्याचे अध्यक्ष असतात, आणि सभागृहाच्या प्रशासनाचे अंदाज हा आयोगच मांडतो. आपल्याकडे अनुच्छेद १८७ खाली कायदा करायची मुभा पहिल्यापासून आहे. तो कर्मचाऱ्यांपुरता आहे, पैशाचा प्रश्न त्यातून पूर्ण सुटणार नाही. तरी निदान पदांच्या बाबतीत हात मोकळे होतील. तो कायदा सगळीकडे व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

१३. आमदार-खासदार स्वतःचा पगार स्वतःच वाढवून घेतात, हे खरं का?

कायद्यानुसार, हो. अनुच्छेद १९५ आणि १०६ म्हणतात की सदस्यांचे वेतन-भत्ते विधिमंडळानं किंवा संसदेनं कायद्यानं ठरवावेत. महाराष्ट्रात वेतन-भत्त्यांचा कायदा १९५६ चा आहे, निवृत्तिवेतनाचा १९७६ चा. वाढ करायची म्हणजे त्यात दुरुस्ती करायची, आणि ती विधेयकं बहुधा अधिवेशनाच्या शेवटी, चर्चेविना मंजूर होतात. लोकांना राग येतो तो यामुळेच.

संसदेनं २०१८ मध्ये यातून एक वाट काढली. खासदारांचं वेतन दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकाशी जोडून बदलायचं. त्यानुसार १ एप्रिल २०२३ पासून ते १ लाखावरून १ लाख २४ हजार रुपये झालं. उलटही घडलं आहे: कोविडच्या वर्षात, १ एप्रिल २०२० पासून, हेच वेतन ३० टक्के कमी केलं होतं. ब्रिटनमध्ये २००९ च्या खर्च-घोटाळ्यात स्पीकरांना पायउतार व्हावं लागलं आणि नंतर सदस्यांचे खर्च ठरवायचं काम सभागृहाबाहेरच्या स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेलं. सभागृहाचं प्रशासन स्वतंत्र हवं, पण सदस्यांचा स्वतःचा पगार तिऱ्हाइतानं ठरवावा, या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही.

१४. विधिमंडळाच्या खर्चाचं ऑडिट होतं का, की तेही अध्यक्षांच्या मर्जीवर?

होतं. १९७१ च्या महालेखापरीक्षक कायद्याच्या कलम १३ नुसार एकत्रित निधीतला सगळा खर्च तपासण्याचं त्यांचं कर्तव्य आहे. विधिमंडळाला त्यात सूट नाही. मात्र महालेखापरीक्षकांचे अहवाल ज्या सभागृहासमोर येतात, ज्याच्या लोकलेखा समितीत तपासले जातात, त्याच सभागृहाचं कार्यालय हे आहे. घरच्याच माणसांनी घरचा हिशेब तपासायचा, म्हणून इथे बाहेरच्या वाचकाची, पत्रकाराची नजर जास्त लागते.

१५. माहितीचा अधिकार विधिमंडळाला लागू आहे का?

आहे. सचिवालय हे सार्वजनिक प्राधिकरण आहे आणि तिथे माहिती अधिकारी असतो. दोन वेगळेपणं लक्षात ठेवा. एक, २००५ च्या कायद्यात अध्यक्ष आणि सभापती हे 'सक्षम प्राधिकारी' आहेत, म्हणून अर्ज-शुल्काचे नियम त्यांना स्वतः करता येतात. अर्ज पाठवण्यापूर्वी ते नियम पाहून घ्या. दोन, कलम ८ नुसार विशेषाधिकाराचा (सभागृह आणि सदस्यांना असलेल्या खास हक्कांचा) भंग होईल अशी माहिती नाकारता येते. सभागृहात अजून न मांडलेला समितीचा अहवाल मिळणार नाही. दौऱ्याचा खर्च, खरेदी, पदांची संख्या याला ही ढाल पुरत नाही. अर्जात नेमका कागद मागा, 'सर्व माहिती द्यावी' लिहू नका.

१६. नागपूर अधिवेशनाचा खर्च विधिमंडळ करतं का?

थोडा. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी एक अधिवेशन तिथे होतं (कोविडच्या काळात २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईत झाली). त्यासाठी सचिवालयाचं बिऱ्हाड उचलून नेलं जातं, फायली, प्रतिवेदक, ग्रंथालयाची निवडक पुस्तकं, सगळं. हा प्रवास आणि भत्ते विधिमंडळाच्या शीर्षात येतात. पण आमदार निवास, रविभवन, कर्मचाऱ्यांचे १६० गाळे यांची रंगरंगोटी आणि डागडुजी सार्वजनिक बांधकाम विभाग करतो, बंदोबस्त गृह विभागाचा, मंत्रालयातून जाणारे अधिकारी आपापल्या खात्याच्या खर्चानं जातात. म्हणून 'अधिवेशनावर एवढे कोटी' असा आकडा वाचला की तो नेमक्या कोणत्या शीर्षांची बेरीज आहे, हे आधी विचारा.

१७. सभागृह बंद पडलं तर मिनिटाला लाखो रुपये वाया जातात, हे खरं आहे का?

हे आकडे एकूण वर्षाच्या खर्चाला कामकाजाच्या मिनिटांनी भागून काढतात. गंमत अशी की, सभागृह जितकं कमी बसेल तितकं मिनिट महाग दिसतं. पगार, वीज, इमारत हा खर्च सभागृह भरलं नाही तरी होतोच. गोंधळानं खरं नुकसान होतं ते वेगळंच: न विचारलेले प्रश्न आणि चर्चेविना मंजूर झालेल्या मागण्या. त्यांची किंमत रुपयांत मांडता येत नाही, म्हणून ती बातमीत येत नाही.

१८. विधान भवनाची इमारत आणि आतली सुरक्षा कोणाच्या ताब्यात असते?

बांधकाम सरकारी यंत्रणा करते, ताबा आणि वापर अध्यक्ष-सभापतींचा. २८ मे २०२३ रोजी खुलं झालेलं नवं संसद भवनही केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं उभारलं.

आवारात पोलीस असतात, पण सभागृहात मार्शल. अध्यक्षांच्या परवानगीशिवाय आवारात कुणाला अटक करता येत नाही. जुलै २०२५ मध्ये दोन सदस्यांचे समर्थक विधान भवनाच्या आवारात हातघाईवर आले, तेव्हा प्रवेश कोणाला द्यायचा याचे निर्बंध गृहमंत्र्यांनी नव्हे, अध्यक्षांनी जाहीर केले. संसदेत १३ डिसेंबर २०२३ च्या घुसखोरीनंतर, मे २०२४ पासून सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. तिथे सभागृहांच्या स्वतःच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांचं स्थान काय राहील, हा प्रश्न मला काळजीचा वाटतो.

१९. विधानसभा विसर्जित झाली तर सचिवालयाचं काय?

सचिवालय चालूच राहतं. सदस्य जातात, समित्या संपतात, विधानसभेत प्रलंबित असलेली विधेयकं बुडतात. कर्मचारी मात्र सभागृहाच्या मुदतीवर नेमलेले नसतात. अध्यक्षही जात नाहीत. अनुच्छेद १७९ नुसार नव्या विधानसभेच्या पहिल्या बैठकीच्या लगेच आधीपर्यंत ते पदावर राहतात, कारण मधल्या काळात कार्यालयाला कुणी तरी धनी हवा. विधान परिषद विसर्जित होतच नाही.

२०. अध्यक्षपद किंवा सभापतिपद रिकामं असेल तर सही कोणाची?

अनुच्छेद १८० आणि १८४ नुसार उपाध्यक्षांची किंवा उपसभापतींची. महाराष्ट्रानं दोन्ही पाहिलं. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपदाचा राजीनामा दिल्यावर जुलै २०२२ पर्यंत उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काम पाहिलं. पाठोपाठ, जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत परिषदेला सभापती नव्हते. उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी धुरा वाहिली. दोन्ही पदं रिकामी असतील तर राज्यपाल सदस्यांपैकी एकाला नेमतात.

कायद्यानं काम अडत नाही, हे ठीक. पण हंगामी धन्याच्या हाताखाली मोठे प्रशासकीय निर्णय रखडतातच. सतराव्या लोकसभेनं तर पाचही वर्षं उपाध्यक्षांशिवाय काढली.

२१. विधिमंडळाचा कर्मचारी बढतीच्या वादासाठी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाऊ शकतो का?

नाही, आणि अनेक वकीलही इथे चुकतात. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २ नं संसद आणि विधिमंडळांच्या सचिवालयीन कर्मचाऱ्यांना त्या कायद्यातूनच वगळलं आहे. त्यानं अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयात जायचं.

'पण न्यायालय विधिमंडळात हस्तक्षेप करू शकत नाही ना?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. अनुच्छेद २१२ चं संरक्षण कामकाजाला आहे. अध्यक्षांच्या आदेशानं सदस्याला बाहेर काढणाऱ्या मार्शलला त्या कृतीबद्दल न्यायालयात खेचता येणार नाही. त्याच मार्शलची ज्येष्ठता डावलली गेली असेल, तर तो सेवेचा प्रश्न झाला. तिथे हे कवच नाही.

२२. सदस्यांनी सभागृहात मोडतोड केली तर भरपाई कोण देतं? विशेषाधिकारामुळे ते सुटतात का?

केरळ विधानसभेत १३ मार्च २०१५ रोजी अर्थसंकल्प मांडताना सदस्यांनी अध्यक्षांची खुर्ची, संगणक, माईक यांची नासधूस केली. नुकसान सुमारे २ लाख २० हजार रुपयांचं होतं. पुढे सरकार बदललं आणि नव्या सरकारनं खटला मागे घ्यायचा अर्ज केला. २८ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो नाकारला: विशेषाधिकार आणि संरक्षण सदस्याला त्याचं काम निर्भयपणे करता यावं म्हणून आहे, सार्वजनिक मालमत्ता फोडणं हे त्या कामाचा भाग नाही. त्यामुळे अशी मोडतोड झाल्यास सभागृह शिस्तीची कारवाई करेल ती वेगळी आणि फौजदारी खटला वेगळा. दरम्यान दुसऱ्या दिवशीच्या बैठकीसाठी माईक बदलावे लागतातच, आणि तो खर्च प्रश्न १० मधल्या त्याच शीर्षातून होतो.